बाकावरचे तिघं

लातूरच्या क्लासमध्ये रविवारच्या टेस्टच्या मार्कांवरून सोमवारी बॅच बदलायची, त्यामुळं रविवारी दुपारी कुणालाच स्वस्थ बसवत नसे. मी नेट कॅफेत जायचो. शेजारी आमच्याच शेवटच्या बॅचमधला, निलंग्याकडचा एक जण असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. डावा पाय सारखा हलवत तो अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचा ऑनलाइन गेम खेळायचा. त्यात आपण कोच, संघ आपणच निवडायचा.

एकदा तो गेमवाल्यांना तक्रार लिहीत होता.

“बाराच खेळाडू घेऊ देतात,” तो म्हणाला. “खऱ्या संघात पंधरा असतात.”

“मैदानात तर पाचच उतरतात. शेवटच्या तिघांना तू खेळवणार हाय का?”

“न्हाई. पण ते रोज सरावाला येतात. त्यांच्याशी खेळूनच बाकीचे तयार होतात. त्यांना काढलं तर गेम खरा कसा वाटंल?”

त्याचा पाय थांबला होता.

मुख्य परीक्षेच्या निकालानंतर क्लासच्या बोर्डावर गुणवंतांचे बारा फोटो लागले. मी दोनदा मोजले. तो त्यात नव्हता, मीही नव्हतो. हजेरी मात्र आमची दोघांचीही पूर्ण होती.