पहिल्या पंगतीतलं समाजशास्त्र

समाजशास्त्र मी घेतलं ते काही समाजाच्या प्रेमापोटी नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एक विषय निवडायचा राहिला होता. वरच्या वर्गातल्या मुलींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "समाजशास्त्र घे. घरच्या गोष्टी सांगायच्या अन् पास व्हायचं." घरच्या गोष्टी सांगण्यात आमच्या खानदानाचा हात कोण धरणार! घेऊन टाकलं.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही मूळचे काटोलकडचे. बाबा नागपुरात संत्र्याच्या एका अडत्याकडे कामाला होते, म्हणून तिथल्या महाल भागात दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा, दोन मोठे भाऊ आणि मी. घरातली मुलगी कॉलेजात जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्याला विरोध होता तो आईचा. बाबा कशालाच नाही म्हणायचे नाहीत. "तुह्या आईले विचार," एवढंच त्यांचं उत्तर. आईनं मला बजावून ठेवलं होतं, "एक वर्स पाहते. जराशी वाह्यात वागली का कालेज बंद. पारशिवनीचं स्थळ हायच." पारशिवनीचं स्थळ म्हणजे तिकडचा एक शेतीवाडीवाला मुलगा. मी त्याला पाहिलंही नव्हतं, पण त्याचा मला असा राग यायचा की विचारू नका. त्या बिचाऱ्यानं माझं काही घोडं मारलं नव्हतं.

समाजशास्त्राचे सर पुण्याकडचे. नागपूरच्या उन्हानं आणि आमच्या 'करून राहिलो, जाऊन राहिलो'नं ते दोन्हीकडून भाजून निघत. पण शिकवायचे जीव ओतून. माणूस जन्माला येतो तेवढाच आपल्या आपण; पुढचं सगळं त्याला शिकवलेलं असतं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. भूमिका, दर्जा, लोकरूढी, सामाजिक नियंत्रण! मला जिकडेतिकडे हेच दिसायला लागलं. बसचा कंडक्टर खेकसला, की मी मैत्रिणीला समजावायची, "अगं, तो त्याची भूमिका करतोय." भावानं बसल्या जागेवरून पाणी मागितलं, की म्हणायची, "हा तू नाही, तुझा दर्जा बोलतोय." टपली खायची, पण म्हणायची.

एका शनिवारी सर म्हणाले, "जे नियम कुठं लिहिलेले नसतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. मोडले की दिसतात. उद्या सुट्टी आहे. कोणाला इजा न करता असा एक साधा नियम मोडा, आणि चिडतं कोण ते नीट पाहा. सोमवारी वर्गात सांगा." वर्गातल्या एका मुलानं तर त्याच दुपारी आमच्यासमोर बर्डीच्या बाजारात भाजीवालीला तिनं सांगितलेल्या भावापेक्षा जास्त पैसे देऊ केले. तिनं नोट उन्हात धरून पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काहून गा, घरचे लोक आहेत ना सोबत?" आम्ही हसून हसून बेजार झालो.

माझा नियम मात्र ठरलेला होता. आमच्या घरी आधी पुरुष जेवायचे, मग बायका. सिगडीवर फुगलेली भाकर बाबांच्या आणि भावांच्या ताटात जायची. ते उठले की टोपलीत जे उरेल ते मी आणि आई खायचो. हा कायदा बाबांचा, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आता बाबांचा स्फोट होणार आणि तो मी वर्गात रंगवून सांगणार!

रविवारी संध्याकाळी वांग्याची भाजी होती. मी बाबांच्या शेजारी चौथा पाट मांडला, ताट घेतलं आणि बसले. भाऊ एकमेकांकडे पाहायला लागले. बाबांनी काय करावं? ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि जेवत राहिले. बस्स! माझी इतकी निराशा झाली म्हणून सांगू.

तेवढ्यात मागं भाकर थापण्याचा आवाज थांबला.

"ऊठ वं!" आई कडाडली. "माणसायचं झालं नाही अन् तू बसली?"

"काहून? मलेही भूक लागली."

"काहून म्हणते! हेच शिकून राहिली का तिथं? बास झालं. उद्यापासून कालेज बंद. पारशिवनीले निरोप धाडा जी."

"अवं, नियम मोडून चिडते कोण ते पाहा, असं सरांनीच सांगितलं होतं," असं मी म्हणून गेले, आणि आगीत तेल ओतलं. "मास्तर सांगते मायच्या तोंडाले लागाले?" आई म्हणाली. गेलं, कॉलेज गेलं.

बाबांनी मान वर केली. "पण ही रोज काहून नाही बसत?" त्यांनी विचारलं. "तुमी दोघी जेवता तरी कवा?"

भला माणूस खरंच विचारत होता! जेवायचं, हात धुवायचे आणि ओट्यावर जाऊन पान लावत बसायचं, हा त्यांचा क्रम. "मले वाटे, सैपाक करता करता खाऊन घेता."

मी जात्याच तापट, त्यात कॉलेज गेलेलं. "सैपाक करता करता आम्ही फक्त चटके खातो, बाबा. भाकर थंडी खातो. आईनं गरम भाकर शेवटची कवा खाल्ली, विचारा तिले!"

बाबांनी विचारलं. आई सिगडीकडे पाहत म्हणाली, "माह्या मायच्या घरी. लगनाच्या आधी."

बाबांनी आपलं ताट जरा बाजूला सारलं आणि शेजारची फरशी हातानं पुसली. "बस इथं."

"अन् भाकर? तुमी थापसान?"

"मी थापते," म्हणत मी उठले. माझ्या भाकरी कडेनं चिरायच्या, पण ती पहिली बरी फुगली. आई बसली खरी, पण भावांकडे पाठ करून, पदर ओढून, परक्याच्या घरी बसल्यासारखी. बाबांनी ती भाकर तिच्या ताटात टाकली. तिनं सवयीनं सरळ बोट घातलं, वाफेनं भाजलं, आणि ती "अगं माय!" म्हणून ओरडली. धाकटा भाऊ फिस्सकन हसला. मग आईही हसली. त्यानंतर ती जेवायला लागली. दुसरी भाकर उतरली तेव्हा भावानं ताट पुढं केलं, तर बाबा म्हणाले, "थांब बे. आधी तिले."

कॉलेजबद्दल मात्र आई हूं की चूं करेना. सोमवारी सकाळी मी तयारी न करताच मेथी निवडत बसले. आई आली, समोर बसली.

"कालेजात नाही जाचं का?"

"तूच बंद केलं ना."

तिनं माझ्या हातातली मेथी घेतली. "चिडते कोण ते पाहाचं होतं, असंच म्हनला होता ना तुहा मास्तर?"

"हाव."

"मंग सांग त्याले, माय चिडली म्हणून." ती काड्या मोडत राहिली. "इतके वर्स मले वाटे, कायदा तुह्या बापाचा हाय. त्याले तं मालूमच नोव्हता."

मी काही बोलणार, तर तिनं मला हातानं ढकललंच. "जाय, उशीर होते. अन् आपल्या घरात असे अजून कोनते कायदे हायेत, ते शिकून ये."