भोंग्याचा बेस

माझा साडू बस स्टँडवर घोषणा करायचा. गाडी कुठली आणि कुठल्या फलाटावर लागली, एवढं सांगायचं काम. पण काचेच्या खोलीत, पंख्याखाली, माइकपुढे बसायला मिळतं म्हणून गडी जमिनीवरून चार बोटं वर चालायचा. स्टँडवर त्याला सगळे भोंगा म्हणत. आवाज नाकातून यायचा आणि प्रत्येक शब्दाची शेपटी घशातच राहायची. घोषणा झाली की लोक एकमेकांची तोंडं बघत आणि मग झाडूवालीला विचारत, "मावशी, काय बोलला हो तो?"

घरी मात्र हा सगळ्या जगाच्या आवाजाला नावं ठेवणार. माझी पोर गाणं म्हणायला लागली की हा कानात बोटं घालायचा. सासरे बोलले तर म्हणे, मामांच्या आवाजाला भारदस्तपणा नाही. भारदस्तपणाचा सगळा साठा जणू याच्याच नरड्यात भरून ठेवलेला.

एके दिवशी आगाराच्या साहेबांनी सांगितलं, आता घोषणा एकदाच रेकॉर्ड करायच्या. याचा आणि दुपारपाळीच्या बाईंचा, दोघांचे नमुने ऐकू. ज्याचा आवाज पसंत पडेल तो घोषणाखोलीत राहील, दुसरा पार्सल विभागात जाईल.

"पार्सलमध्ये बाई जाणार," साडू मला म्हणाला. "ती घरात बोलल्यासारखी बोलते. आवाजाला बेसच नाही."

त्यानं मोबाईलवर घोषणा रेकॉर्ड केली आणि कानात हेडफोनची बोंडं घालून ऐकली. जन्मात पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला बिचाऱ्यानं. तोंड एवढंसं झालं. मग बोंडं उपसून म्हणाला, "हा हेडफोन भिकार आहे."

मेहुणी आतून ओरडली, "अहो, तोंड उघडून परत बोला की!"

"तुला यातलं काय कळतंय?" म्हणत तो मला ओढून मोबाईलवाल्याच्या टपरीवर घेऊन गेला. "स्वस्तातले जेवढे असतील तेवढे काढ," म्हणाला. "आवाजाची तुलना करायचीय."

"दादा, गाणं लावून बघा," टपरीवाला म्हणाला.

"गाण्यात बाजाच ऐकू येतो. माणसाचा आवाज लावून बघायचा असतो."

बोलला ते बरोबर होतं. पण लावला स्वतःचाच. टपरीवाल्यानं एका कानानं ऐकलं आणि विचारलं, "हे कोण बोलतंय? सर्दी झालीय का त्यांना?" मी टपरीमागे जाऊन हसून घेतलं.

पहिल्या हेडफोनात आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. दुसरा कानात नीट बसायचा, पण मागं सारखं तेल तापल्यासारखं चुरचुरायचं. तिसरा मीही ऐकला. खरं सांगतो, सगळ्यांत चोख तोच. शब्द कुठं तुटला, थुंकी कधी गिळली, सगळं स्वच्छ. साडूनं तो विंचू झटकावा तसा टाकला. "हा साफ खोटा आहे!"

मग निघाला एक काळा, जाड गाद्यांचा, डोक्यावर बसणारा. साडूनं तो चढवला आणि डोळेच मिटले.

"याला म्हणतात आवाज!"

मी ऐकलं. रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणीतरी गुरगुरत होतं. "अरे, गाडी कुठली ते कळत नाही," मी म्हटलं.

"गाडीचं काय घेऊन बसलास? वजन बघ आवाजाचं!"

तो हेडफोन घरी आला. परत रेकॉर्ड करा म्हणून मेहुणीनं डोकं फोडून घेतलं. ऐकेल तर शपथ. हा रोज ते काळं टोपडं चढवून तीच घोषणा ऐकायचा आणि स्वतःवरच मान डोलवायचा.

नमुना द्यायच्या दिवशी मोबाईलसोबत तो हेडफोनही घेऊन गेला. "साहेब, यातूनच ऐका. साध्या यंत्रात माझ्या आवाजाचं नुकसान होतं."

साहेबांनी ऐकलं. परत ऐकलं. "आवाज मोठा आहे. गाडी कुठं चाललीय?"

"धरणाकडे, साहेब."

"ते तुम्ही आत्ता सांगितलंत. यात कुठं आहे? आणि फलाटावरच्या सगळ्या लोकांच्या डोक्यावर हे चढवायचं का?"

मग त्यांनी बाईंचा नमुना मोबाईलवरूनच लावला. पाळी बदलायला गाडीची वाट बघत दाराशी अर्धवट पेंगत बसलेला एक ड्रायव्हर खडबडून उठला आणि "आली माझी गाडी!" म्हणत पळाला. फलाटावर जाऊन बघतो तर गाडी नाही. त्यानंच मला हे सगळं सांगितलं, वर, इतकी वर्षं याच्या घोषणेतून गाडी कधी कळलीच नाही म्हणून साडूला चार शिव्या घालून.

साडू पार्सलमध्ये गेला. "साहेबाला बेस कळत नाही," असं तो भेटेल त्याला सांगत होता. पार्सलच्या खिडकीतून नावं पुकारायची असतात. पहिल्याच आठवड्यात एका शिंप्यानं कापडाचा गठ्ठा समजून दुसऱ्याची गादी घरी नेली आणि गादीवाला खिडकीशी येऊन बोंबलायला लागला.

"नाव नीट पुकारता येत नाही का?"

साडू आतून काहीतरी म्हणाला.

"काय?" गादीवाला ओरडला.

साडू परत तेच म्हणाला.




"काय?"