नवलबाबूंचा फळा

‘कसे आहात’ हे नवलबाबूंना कधी विचारताच आलं नाही. दारात चप्पल काढता काढता त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “माहीत आहे का तुम्हाले?” आणि मग फुलपाखरू पायानं चव घेतं, नाहीतर शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, असं काहीतरी आपल्या पुढ्यात टाकून हे मोकळे. माझे सासरे वारले तेव्हाही तेच. घर रडत होतं आणि हे कोपऱ्यात बसून शेजारच्याला सांगत होते, “मेल्यावर माणसाची नखं वाढतात म्हणतात ना, ते खोटं आहे. कातडी आकसते, म्हणून तसं दिसते.” माझ्या नणंदेनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. हे म्हणाले, “खोटं आहे, म्हणून सांगून राहिलो.”

खरं नाव वेगळं होतं, पण नागपुरात आमच्या मोहल्ल्यात ते कोणी घेत नसे. रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. आमच्या त्यांच्या घराची भिंत एकच. चौकात जिथं हिंगण्याच्या कारखान्याची बस थांबायची, तिथल्या कडुनिंबाला त्यांनी एक काळा फळा ठोकला होता. वर पांढऱ्या तेलरंगानं कायमचं लिहिलेलं, ‘आजचे नवल’. खाली ते रोज सकाळी खडूनं एक गोष्ट लिहायचे आणि शेवटी न चुकता दोन शब्द, ‘खरे आहे.’ बसची वाट पाहणारी माणसं तोंडात दातण घोळवत ते वाचायची. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे वाचून पानठेलेवाला ओरडला होता, “तीन? काय बाबू, इथं एक सांभाळणं होऊन नाही राहिलं!”

ते ‘खरे आहे’ मात्र थट्टेचं नव्हतं. दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय ते खडूला हात लावत नसत. एकदा लिहून बसले की शहामृग घाबरला की वाळूत डोकं खुपसतो. ते चूक निघालं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर: ‘शहामृग असे करत नाही. काल माझी चूक झाली. खरे आहे.’ आठवडाभर लोक त्यांना शहामृगाची खुशाली विचारत होते. त्यांनाही ते आवडायचं, चेहरा मात्र गंभीर ठेवायचे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट असेल, त्यांच्या बायकोच्या, कौसल्याताईंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, घरी न्या. एवढंच. त्यानंतर फळा बदलला. चीनमध्ये तळ्याच्या गाळात शेकडो वर्षं पडून राहिलेल्या कमळाच्या बिया उगवल्या. खरे आहे. हिरोशिमात बॉम्बनं जळालेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटली. खरे आहे. तारामाशाचा तुटलेला हात परत येतो. बसची वाट पाहणाऱ्यांना कळलं नाही, मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि चौकातून जाताना मी मान खाली घालून जाऊ लागले.

कौसल्याताई मला रोज विचारायच्या, “आज काय लिहिलं वं यायनं?” मी सांगायची. कमळाचं ऐकून हसल्या, मग पोट धरून कण्हल्या. “कमळ तिकडं चीनमध्ये उगवलं, अन् इथं हे मले पाणी घालून राहिले.” कचेरी सुटली की नवलबाबू तडक वाचनालयात जायचे, ते बंद होईपर्यंत तिथंच. घरी बाई एकटी, छताकडे पाहत. एका दुपारी तिनं माझा हात धरला. “सुमन, तू तरी सांग वं त्यायले. कमळ-बिमळ राहू द्या म्हणा. माझ्यापाशी बसा म्हणा.”

मी सांगितलं. अंगणातच गाठलं आणि चांगलं खडसावून सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले, जणू मी परक्या भाषेत बोलतेय. म्हणाले, “सुमनबाई, जगात असल्या दुखण्यातून कोणी वाचलं असंल, तर कुठं ना कुठं लिहिलं असंल. मले ते सापडलं पाहिजे. बसून काय होते?” इतका राग आला मला! आणि त्या माणसाची दयाही आली.

ती गेली तेव्हा ते चौकात होते. सकाळची वेळ. मी चहा घेऊन गेले, तर तिनं विचारलं, “आले का हे?” मी म्हटलं, येतीलच. तेवढ्यात संपलं.

पानठेलेवाल्यानं त्यांना हाताला धरून आणलं. बोटं खडूनं पांढरी झालेली. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बसले. मोहल्ला जमला, बुद्धवंदना झाली, सावनेरहून त्यांची मुलगी आली. उचलायची वेळ झाली तरी हात सुटेना. “थांबा गा,” ते म्हणाले. “हृदय थांबलं म्हणजे संपलं असं नाही. आज लिहिलं ना मी! वाचलं नाही का कोणी?”

मुलगी तोंडात पदर कोंबून रडत होती. मी चौकात जाऊन वाचून आले होते: ‘अमेरिकेत एक बेडूक हिवाळ्यात गोठतो. त्याचे हृदय बंद पडते. बर्फ वितळला की ते पुन्हा सुरू होते. खरे आहे.’ शेवटी मलाच बोलावं लागलं. “भाऊजी, तो बेडूक होता हो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हो,” म्हणाले, “बेडूकच होता.” आणि हात सोडला. तिच्या मनगटावर खडूचे पांढरे ठसे उमटले होते. ते कोणी पुसले नाहीत.

फळ्यावरचा बेडूकही तसाच राहिला. नवलबाबू चौकात फिरकले नाहीत आणि दुसऱ्या कोणाचा फळ्याला हात लावायचा धीर झाला नाही. पुढे मुलगी त्यांना सावनेरला न्यायला आली. रिक्षा निंबाखाली आली तसे ते म्हणाले, थांबव. उतरले. सदऱ्याच्या बाहीनं फळा पुसला, पानठेलेवाल्याकडून खडूचा तुकडा मागून घेतला. बस यायची होती, माणसं उभी होती, मी निरोप द्यायला आले होते. लिहून झाल्यावर कोणाकडे न बघता ते रिक्षात जाऊन बसले.

‘आजचे नवल’, आणि त्याखाली त्यांचं ते वळणदार अक्षर: ‘बायको गेली, तरी माणूस जिवंत राहतो. खरे आहे.’