राव म्हणजे थांब

आज सोमवार. पहाटे गोव्यातल्या पाळी गावात राव गेले. अकरा वाजता अग्नी दिला. चाळीसेक माणसं होती. मी मागे उभा होतो.

त्यांचं नाव राव नव्हतं. ते माझ्यामुळे पडलं, आणि मला त्याची लाज वाटते.

मी सहसा इथे काही लिहीत नाही. आज लिहितो.

कागदोपत्री ते महादेव. मूळचे गडहिंग्लजकडचे. खाणीवर कामाला आले आणि पाळीबाहेरच्या कामगारांच्या वस्तीत राहिले.

मी तेव्हा पंचवीसेक वर्षांचा. बसचे रूट आणि स्टॉप बघणाऱ्या एका ऑफिसात क्लार्क.

बस त्या वस्तीसमोरूनच जायची. पण थांबायची नाही.

गावात कुणीही, कुठेही हात केला की थांबायची. ड्रायव्हरला हात ओळखीचा लागायचा. वस्तीतले हात ओळखीचे नव्हते.

म्हणून वस्तीतली माणसं पाऊण तास उलटी चालत पाळीच्या स्टॉपवर जायची. तिथे बस पकडायची. आणि त्याच बसने आपल्याच दारासमोरून पुढे जायची.

एके दिवशी ते अर्ज घेऊन ऑफिसात आले. मुलगी सुमन आठवीत गेली होती. हायस्कूल लांब.

"सायेब, समदी वाट खाणीच्या ट्रकांची हाय. पोरगी एकलीच चालती. वस्तीवर एक मिनिट गाडी थांबली तरी बास."

मी काहीतरी लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "राव, राव. पळयतां."

आमच्या कोकणीत राव म्हणजे थांब. थांब, बघतो.

ते हसले. नमस्कार करून गेले.

वस्तीवर जाऊन त्यांनी सांगितलं, "हापिसातला सायेब मला राव म्हनला. एकदा न्हाई, दोनदा!"

हे मला फार नंतर कळलं. पण त्या दिवसापासून सगळे त्यांना राव म्हणायला लागले. आधी चेष्टेने.

"काय राव, कवा येतीया गाडी? का सायेब घरलाच मोटार धाडत्यात?"

अर्ज मराठीत होता. अक्षर सुरेख. सुमननेच लिहिलेला.

ते दिवस राजभाषा कोकणी की मराठी, या भांडणाचे होते. घरात मी कोकणी बोलायचो, लिहिणं-वाचणं मराठीत. मराठीसाठी मी पणजीला मोर्चाला गेलो. घसा बसेपर्यंत ओरडलो.

आणि माझ्याच टेबलावर हा मराठी अर्ज पडून होता.

कुणी अडवला नव्हता. शेरा मारून वर पाठवायचा, एवढंच काम.

शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "ते भायले रे. आज आसात, फाल्यां नात. त्यांच्यासाठी बस कशाला रावोवची?"

भायले, म्हणजे बाहेरचे. आज आहेत, उद्या नाहीत, त्यांच्यासाठी बस कशाला थांबवायची.

मी हसलो. अर्ज फाइलीखाली सरकवला. ते हसणं मला अजून आठवतं.

तीन-चार महिन्यांनी एका ट्रकाचा धक्का सुमनच्या दप्तराला लागला. ती वाचली. वह्या लाल धुळीत पसरल्या.

दुसऱ्या दिवसापासून आईने तिला शाळेत पाठवलं नाही.

पुढे गोवा घटक राज्य झालं. नवे साहेब आले, जुन्या फायली बाहेर काढल्या. वस्तीवर स्टॉप झाला.

सुमन तेव्हा लोकांकडे धुणीभांडी करत होती.

राव ऑफिसात आले. गावाकडची गुळाची ढेप घेऊन.

"सायेब, तुमी शबुद पाळला."

मी ढेप घेतली.

मग दरवर्षी गूळ यायचा. मी रिटायर झालो तरी यायचा. नार्व्याला, माझ्या घरी. ते स्वतः बसने घेऊन यायचे.

दरवर्षी सांगायचं ठरवायचो. राव म्हणजे काय ते. आणि त्या अर्जाचं. मग चहा व्हायचा, इकडचं-तिकडचं बोलणं व्हायचं. राहून जायचं.

आज सुमनला सांगितलं. स्मशानाबाहेर, चपला घालताना. ती आता आजी झाली आहे.

"सुमन, मी तुझ्या बाबांना मान देऊन राव म्हटलं नव्हतं. थांबा म्हटलं होतं."

"त्यांना ठाऊक होतं, काका. वर्षभरात कोकणी शिकले की ते."

"मग मला कधी बोलले नाहीत?"

"म्हणायचे, कशाला, सायबास्नी वाईट वाटंल."

मी म्हणालो, "अर्ज माझ्याकडेच पडून होता. मीच पाठवला नाही."

तिने दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाली,

"माझं अक्षर चांगलं होतं ना, काका?"

"हो. चांगलं होतं."

ती माणसांत निघून गेली.

राव, तुमची माफी मागायला इतकी वर्षं होती. मागितली नाही. आज हा नमस्कार तेवढा घ्या.

परत येताना बसने आलो. वस्तीच्या स्टॉपवर बस थांबली. माझं तिथे काही काम नव्हतं. तरी उतरलो. दुसरं कुणीच नव्हतं.

पुढची बस पाऊण तासाने होती.

रावलो.