झरीच्या बाईचा नकार

तीन औषधे एकदम दिली तर शरीर किती सोसते, हे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पाहायचे होते. शरीरे मात्र परभणीची. कॅन्सरची गाठ पार पसरलेली, कापून उपयोग नाही, असेच रुग्ण त्यांना हवे होते. आमच्या डॉक्टरांनी दवाखान्याची मागची खोली दिली आणि मला, त्यांच्या कंपाउंडरला, तक्ते दिले. दर सुईनंतर घरी जाऊन विचारायचे: उलटी, जुलाब, तोंड येणे. त्यावरून पुढची मात्रा कमी करायची की नाही, ते शहरात ठरे. एवढे थोर विज्ञान माझ्या बॉलपेनवर उभे होते. बिचारे!

झरीला एक विधवा बाई होती. छातीची गाठ हाडात उतरलेली. मी ओसरीवर बसायचो, बाई दाराआड, आणि उत्तरे द्यायचा तिचा थोरला दीर.

"उलट्या होतात का?"

"न्हाई, न्हाई. लय भारी औषध हाय सायब."

आत ती ओकत असायची. "पित्त हाय ते," म्हणून हा गृहस्थ मला चहा पाजायचा. तक्रार केली की फुकटची सुई बंद होईल, ही त्याची भीती. थोरल्या दिरापुढे बाई तोंड उघडत नाही, हे मला कळत नव्हते असे नाही. माझ्या घरातही तेच. तिला एकटीला विचारणे माझे काम होते. मी "तक्रार नाही" लिहून चहा संपवायचो. शहरातून आलेले एक डॉक्टर तक्ता पाहून म्हणाले, "खेड्यातली माणसं किती सोशीक!" माझ्या अक्षराचेही कौतुक केले. मीही फुगलो.

नामांतराच्या एका बंदला एसटी थांबल्या आणि दीर परभणीत अडकला. मी डॉक्टरांच्या लुनावर झरीला गेलो. बाई प्रथमच दिराशिवाय समोर आली. तोंड आतून सोललेले, पाणी गिळवत नव्हते.

"भाऊ, सुई बंद करा. लेकीचं लगन हाय. मरायचं तर हायच, पर लगनात बसून ऱ्हायचंय मला."

"आणखी एकच घ्या, ताई."

"तुमीच घ्या की मंग," ती म्हणाली. "लिवा कागदावर, बाई नको म्हनली."

खरे लिहिले असते तर आधीचे माझे सगळे तक्ते खोटे ठरले असते. मी नेहमीचेच दोन शब्द लिहिले.

पूर्ण मात्रा आली. सुईच्या वेळी तिने हात मागे ओढला. तो मी धरून ठेवला. दीर शेजारीच "झालं, झालं" म्हणत उभा होता.

मांडवात मंगलाष्टका चालू असताना ती आतल्या खोलीत तापाने बरळत होती. कुणीतरी तिच्या मुठीत अक्षता ठेवल्या, त्या तशाच राहिल्या. चार दिवसांनी ती गेली.

मृत्यूचे कारण मी "रोग वाढला" असे लिहिले. ते खोटे होते की खरे, मला आजही सांगता येत नाही. पण ती नको म्हणाली होती, शुद्धीत, माझ्या तोंडावर. आणि हे आजवर कुठेच लिहिलेले नव्हते.