पेचकसाची रिकामी खाच

पुंजाजी तायड्यांच्या देखत पेटी उघडी टाकून कोणी चहाला गेलं, की त्याची खैर नसायची. वय चौऱ्याहत्तर, पण हाक अशी, की अमरावतीच्या विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या तंत्रशाळेची पोरं अर्धा कप टाकून पळत यायची. पेटीही साधीसुधी नव्हती. आतल्या फळीत प्रत्येक हत्याराच्या मापाची खाच कोरलेली. एखादं हत्यार बाहेर राहिलं, की रिकामी खाच लगेच डोळ्यात भरायची.

ही नेव्हीतली रीत. मोर्शीकडचा हा गडी, वर्धा नदीपलीकडे मोठं पाणी न पाहिलेला, अठराव्या वर्षी भरती झाला आणि थेट विक्रांत या विमानवाहू जहाजावर सी हॉक विमानांचा मेकॅनिक बनला. सी हॉकचं नाव काढा, की स्वारी खुललीच! इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धानंतर उडवलेलं हे विमान, नाकात चार तोफा, आणि जहाजावर जागा कमी म्हणून पंख वर दुमडणारे. आपण काही नवी घेतली, काही वापरलेली. वापरलेली म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण एकाहत्तरच्या डिसेंबरात कॉक्स बझारवर, चितगाववर मारा केला तो यांनीच. गोळ्या खाल्ल्या, तरी लढाईत एकही पडलं नाही. पुढे त्र्याऐंशीच्या सुमारास सी हॅरियर आलं आणि यांची सुट्टी झाली.

एक गोष्ट मात्र ते मान खाली घालून सांगायचे. त्याच लढाईतली सकाळ. वैमानिक आत बसलेला, आणि पुंजाजींच्या पेटीत पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, नाही. बोललं तर विमान थांबणार, चारचौघांत शोभा होणार. वीस वर्षांचं पोर ते, घाबरून दहा मिनिटं गप्प राहिलं. मग एकदाचा हात वर केला. पेचकस निघाला आसनामागे, विमान वळवणाऱ्या तारांजवळ; त्यांत अडकला असता, तर वैमानिकासकट विमान गेलं असतं. वैमानिक रागावला नाही. दहा मिनिटं कशाची वाट पाहत होतास, एवढंच त्यानं विचारलं. ती दहा मिनिटं पुंजाजींच्या उरावर पन्नास वर्षं बसून होती.

यंदा तंत्रशाळेत एक जुनं सी हॉक सुट्या भागांत येऊन पडलं. ते जोडायला पुंजाजींना बोलावलं. त्यांनी पोरांना पहिल्याच दिवशी ती दहा मिनिटं सांगितली आणि नियम घातला, की ज्यानं हत्यार हरवलं त्यानं स्वतः सांगायचं, आणि तिथल्या तिथं. एकदा रश्मी नावाच्या पोरीनं पाना हरवल्याचं रडत रडत कबूल केलं, तर पुंजाजींनी खूश होऊन अख्ख्या वर्गाला दही-चटणीत भिजवलेला गिला वडा खाऊ घातला.

तीन महिन्यांनी विमान उभं राहिलं. अनावरणाचा दिवस. मांडव भरलेला, पाहुण्यांच्या हातात कात्री. पुंजाजींनी सवयीनं पेटी उघडली, आणि पेचकसाची खाच रिकामी! आदल्या संध्याकाळी पंखाची बिजागरी त्यांनी स्वतःच आवळली होती. ज्या पोरांना तीन महिने धारेवर धरलं, ती सगळी समोरच बसली होती. ते तडक माइककडे गेले.

"माहा पेचकस इमानात रायला. मीच इसरलो. सापडेपर्यंत फीत कापाची नाई."

मांडवात हसू पसरलं. प्राचार्य कानाशी येऊन म्हणाले, की हे काही उडणार नाही, उद्या शोधू.

"हे नाई उडणार, मले मालूम हाये साहेब. पण ही पोरं उद्या उडणाऱ्या इमानाले हात लावतीन."

प्राचार्य मागे सरले. पोरं कोणी न सांगता उठली, नव्या शर्टांच्या बाह्या सारल्या आणि झाकणं खोलायला लागली. पाहुण्यांनी कात्री खाली ठेवली. वीसेक मिनिटांनी डाव्या पंखाच्या घडीतून ग्रीसनं माखलेला पेचकस रश्मीनं काढला, पुसला आणि खाचेत बसवला.

"बाबाजी," ती हळूच म्हणाली, "रिकामी खाच मी तुमच्या आदीच पाह्यली होती. तुमी सांगता का नाई, म्हणून घड्याळ पाहून राह्यली होती. एक मिनिटबी नाई लागला तुमाले."

पुंजाजी तिथंच खुर्चीवर बसले आणि सगळ्यांदेखत खुशाल रडले.