चढावर मी हरले, पण गाडी विकणार नाही

मंडळी, आज सकाळी आमच्या गावामागच्या कातळावर कोल्हापूरची काही मुलं नव्या फोर-स्ट्रोक डर्ट बाइक घेऊन आली होती. माझ्या जुन्या टू-स्ट्रोकचा धूर बघून एक जण म्हणाला, "ताई, हिचे दिवस संपले. विकून टाका."

मी म्हटलं, त्या चढावर लावू शर्यत.

हरले. त्याची गाडी एकसारख्या जोरात वर गेली. माझ्या गाडीला अर्ध्यावर एकदम जोर आला, पुढचं चाक उचललं आणि मी जांभ्या दगडावर आपटले. गुडघा फुटला.

"सांगितलं होतं ना," तो वरून म्हणाला.

घरी पप्पा होडीच्या मशीनसाठी पेट्रोलात ऑइल मिसळत होते. तेही टू-स्ट्रोकच. ते मिसळायला आणि इंजिन उघडायला मी त्यांच्याकडेच शिकले. त्यांना सगळं सांगितलं, विकायचा सल्लासुद्धा.

गुडघ्याकडे बघत ते म्हणाले, "होडी पालथी झाली म्हणान कोण होडी इकता काय गो?"

तर फोर-स्ट्रोकवाल्यांनो, तुमची गाडी भारी आहे, मान्य. पण तुम्ही सुट्टीत एकदा येता. मी त्या चढावर रोज असते.

परत कधी येताय?